तेविसाव्या खाटेचा शेरा

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी सुनेत्राबाईंना कबूल केलं होतं. गोष्ट त्यांचीच आहे, त्यांनीच सांगितलेली, आणि तिच्यात त्यांची बाजू काही फार उजळ नाही. तरी लिहिते आहे.

"साक्षीदार कुठे आहे?" बुवांनी विचारलं. मान वर न करता.

सुनेत्राबाईंनी हातातलं रजिस्टर पुढे सरकवलं. "बुवा, सही हवी होती. या पानावर, खाली. बाकी दोघांच्या झाल्यात."

"ते दिसलं. मी साक्षीदार विचारतोय."

बुवा जमिनीवर बसून एका जुन्या शब्दकोशाला पुठ्ठा चिकटवत होते. शेजारी वाटीत मैद्याची खळ. दहाही बोटं खळीने माखलेली. त्या हातांनी सही होणार नव्हती, आणि हात धुवायची त्यांना घाई दिसत नव्हती.

मठात येण्याआधी बुवांनी तालुक्याच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांची एक रीत होती. नवा शब्द फळ्यावर लिहायचे आणि अर्थ सांगायचे नाहीत. म्हणायचे, उद्या याचा साक्षीदार घेऊन या. मग 'रस्टी'साठी कुणी गंजलेली कडी आणायचं, 'ब्रिटल'साठी कुणी डब्यातून पापड. बुवा ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघायचे. पटली तर अर्थ वहीत उतरायचा, नाहीतर साक्षीदार परत.

सुनेत्राबाई त्यांच्या सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. त्यांचा साक्षीदार कधी परत गेला नव्हता, आणि ही गोष्ट त्या विसरल्याही नव्हत्या.

आता त्या मठाच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होत्या. पहिलंच वर्ष. वसतिगृहात तेवीस खाटा. दर महिन्याला खाटांची पाहणी करायची आणि सत्र संपताना, जिथे पसारा दिसला असेल तिथे इंग्रजीत शेरा लिहायचा, हा नियम मठाच्या अध्यक्षांचा. शेरा खाटेबद्दल किंवा कपड्यांबद्दल असला तर मुलीला समज मिळायची. स्वभावाबद्दल असला तर जागाच जायची. बाहेर एकेचाळीस मुलींची यादी वाट बघत होती.

त्या सत्रात आठ शेरे होते. अध्यक्षांनी जाडजूड शब्दकोश उघडून एकेक तपासला. सात सोडून दिले. आठव्याखाली शिसपेन्सिलीने दोन रेघा ओढल्या.

खाट क्रमांक तेवीस. मैना गोयकर, इयत्ता आठवी. शेरा होता 'स्लव्हनली'.

तिसरी सही बुवांची. ती झाली की मैनाची खाट गेली.

"साक्षीदार खाली जीपमध्ये बसलाय," बाई म्हणाल्या. "साक्रीच्या वाटेवर तिच्या वडिलांच्या मेंढ्यांचा तळ पडलाय. सही झाली की तिला तिथे सोडू आणि पाचच्या बैठकीला परत येऊ."

"म्हणजे सही होणार, असं धरून चाललीयस."

"शब्द बरोबर आहे, बुवा."

"मी कुठे चूक म्हटलं?"

...

खालून जीपचा हॉर्न वाजला. एकदाच, हलका. बाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेचार.

बुवांनी पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. "बस. अशी उभी राहिलीस की मला वाटतं, मीच वर्गात उशिरा आलोय."

बाई बसल्या. रजिस्टर मांडीवर. पेनचं टोपण काढून ठेवलेलं.

"माझ्या खोलीला काय म्हणशील?" बुवांनी विचारलं.

"आत्ता? बुवा, खरंच वेळ नाहीये."

"एका शब्दाचं काम आहे. तुला कितीसा वेळ लागणार."

बाईंनी खोलीवर नजर टाकली. भिंतीला टेकलेली पुस्तकांची पोती. खिडकीत तीन चष्मे, एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ. दोरीवर धोतर. कोपऱ्यात सायकलचा पंप, सायकल नसलेला. चुलीजवळ शिध्याचे डबे, त्यांच्यावर वह्यांचे गठ्ठे.

"क्लटर्ड," बाई म्हणाल्या.

"अनटायडी का नाही?"

"तुमची प्रत्येक वस्तू तिच्या जागेवर आहे. चष्मा तुम्ही अंधारातही उचलाल. जागा थोडी आणि वस्तू फार, एवढंच."

"बरं. ही बंडी?"

"शॅबी."

"लाज काढलीस."

"नाही, बुवा. शॅबी म्हणजे वापरून वापरून झिजलेली. तुमची बंडी स्वच्छ आहे. गळा विरलाय, पण ती धुतलेली आहे. मळलेली असती तर मी स्क्रफी म्हटलं असतं."

"आणि डोक्यावरचं हे?" बुवांनी कोपराने टोपी मागे सारली. हात भरलेले होते ना. पांढरे केस चारी दिशांना उभे.

बाईंना हसू आवरेना. "डिशेव्हल्ड."

"अनकेम्प्ट म्हणायला काय झालं?"

"अनकेम्प्ट म्हणजे निगाच नाही. दिवसेंदिवस कंगवा लागलेला नाही. तुम्ही सकाळी विंचरलेत, टेकडीवरच्या वाऱ्याने विस्कटले. वाऱ्याचा दोष तुमच्या माथी कसा मारू?"

"वा," बुवा म्हणाले.

बाई सांगतात की त्या एका 'वा'ने त्यांना नववीच्या बाकावर बसवलं. पाठ ताठ झाली. वाटलं, आता सही झालीच.

"तर मग मी स्लव्हनली आहे का?"

"छे. काहीतरीच काय."

"का?"

"ते वस्तूला लागत नाही, बुवा. माणसाला लागतं. खाट मेसी असेल, काम स्लॉपी असेल, पण स्लव्हनली म्हणजे... आतूनच गबाळ. ज्याला आपण कसे दिसतो, कसे राहतो, याची फिकीरच नाही. दुसऱ्याला त्याचा त्रास होतो, त्याचीही नाही. सवयच तशी. माणूसच तसा."

"आणि तो सुधारतो?"

"शब्द तरी तसं सांगत नाही."

"म्हणून अध्यक्षांनी दोन रेघा ओढल्या."

"हो."

...

बुवांनी पुठ्ठा दाबून धरला. मग म्हणाले, "माझ्यासाठी तू वाऱ्याचीसुद्धा चौकशी केलीस."

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं.

"रजिस्टर वाच," बुवा म्हणाले. "पहिल्या शेऱ्यापासून. शब्द वाच, आणि त्या खाटेवर काय दिसलं ते सांग."

"सगळे आठ?"

"सही एका पानावर आहे ना? मग पान तरी कळू दे."

पुन्हा हॉर्न. या वेळी जरा लांब.

बाईंनी वाचायला घेतलं. "खाट क्रमांक चार. अनटायडी. दप्तर उघडं होतं, वह्या बाहेर, चादर अर्धी खाली."

"पुढची."

"खाट क्रमांक सात. मेसी. दप्तर... उघडं. वह्या बाहेर. चादर खाली."

"काही सांडलं होतं?"

"नाही."

"चिखल? तेल?"

"नाही, बुवा."

"मेसी का मग?"

बाईंचं बोट पानावरच राहिलं.

"पुढची."

"खाट क्रमांक नऊ. क्लम्झी."

"हे खाटेला लागतं?"

"...नाही. ते हाताच्या धसमुसळेपणाला लागतं." बाईंचा आवाज खाली आला. "तिचीही चादर अर्धी खाली होती."

"पुढची."

"अकरा. स्क्रफी. तेरा. शॅबी. सोळा. अनकेम्प्ट. एकोणीस. स्लॉपी."

"आणि दिसलं काय?"

"थोडंफार तेच."

"थोडंफार की तेच?"

...

"तेच," बाई म्हणाल्या.

बाई सांगतात, वाटीतल्या खळीवर माशी बसली ती त्या बघत राहिल्या. त्यांच्या मनात दोनच गोष्टी होत्या. एक, घड्याळ. दुसरी, या माणसाने विचारणं इथेच थांबवावं.

बुवांनी थांबवलं नाही. "सारखंच दिसलं, तर शब्द वेगवेगळे का?"

"एका पानावर एकच शब्द पुन्हा पुन्हा बरा दिसत नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

बाईंनी रजिस्टरचं पान सरळ केलं.

"सुनेत्रा, मी विचारतोय."

"तुम्ही."

...

"नववीत मी जत्रेवर निबंध लिहिला होता," बाई म्हणाल्या. आता थांबता येत नव्हतं. "त्यात पाच वेळा 'नाइस' आलं होतं. तुम्ही पाचही ठिकाणी लाल गोल केलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, ज्याच्याकडे एकच सदरा असतो तो रोज तोच घालतो. वर्ग हसला. त्यानंतर मी कधीही, कुठल्याही पानावर, एक शब्द दोनदा लिहिलेला नाही. मेहनत केली मी त्यासाठी. अध्यक्ष परवा चारचौघांत म्हणाले की अशी इंग्रजी तालुक्यात कुणाची नाही."

बुवांनी डोळे मिटले.

"आठवतंय," ते म्हणाले. "मीच होतो तो."

"साक्षीदार तुम्ही शब्दांना मागायचात, बुवा. निबंधाला कधी मागितला नाहीत."

हे बोलून गेल्यावर बाईंचे कान तापले. गुरूला असं कुणी बोलतं का. पण बुवांनी फक्त मान हलवली, हिशोब चुकल्यावर दुकानदार हलवतो तशी.

"तेविसाव्या खाटेपर्यंत आलीस, तेव्हा हाताशी शब्द किती उरले होते?"

बाईंनी पेनला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"एक," त्या म्हणाल्या.

...

तिसरा हॉर्न. मोठा, वैतागलेला.

बाई उठल्या. खिडकीशी गेल्या. खाली पायऱ्यांच्या तोंडाशी जीप घुरघुरत उभी होती.

"रमजूभाई," त्यांनी हाक दिली, "इंजिन बंद करा. आणि मैनाला वर पाठवा."

"मॅडम, पाच वाजता साहेब..."

"बंद करा म्हणते ना."

घुरघुर थांबली.

मैना वर आली ती एकटीच. अंगाने लहानखुरी, दोन घट्ट वेण्या, आणि पाठीवर बोचकं. बोचकं तिने जीपमध्ये ठेवलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत आली, बुवांना हात जोडले आणि दाराजवळच बसली. बोचकं मांडीवर घेतलं.

बुवा तिच्याकडे बघत नव्हते. बोचक्याकडे बघत होते.

एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सगळं बांधलेलं. चारी कोपरे सारखे. कुठे फुगवटा नाही, कुठे लोंबतं टोक नाही. वर एकच गाठ, मुठीत बरोबर मावेल अशी. बाईंनी आयुष्यात इतकं नेटकं बांधलेलं सामान पाहिलं नव्हतं. स्वतःचंही नाही.

"हे कुणी बांधलं?" बुवांनी विचारलं.

"मी."

"किती वेळ लागला?"

मैनाला प्रश्नच कळला नाही. "वेळ कसला? बांधलं."

"सुनेत्रा, याला काय म्हणशील?"

बाईंना शब्द येत होता. तोंडातून निघेना. "टायडी," त्या शेवटी म्हणाल्या. "व्हेरी टायडी."

मग त्या मैनासमोर खाली बसल्या. पाहणीच्या दिवशी सगळ्या मुली प्रार्थनेला असतात. खाटेची पाहणी होते, मुलीची होत नाही. बाई सांगतात, त्या सत्रात त्या मैनाच्या खाटेशी चार वेळा थांबल्या होत्या, मैनाशी एकदाही नाही.

"तुला इतकं छान आवरता येतं," बाई म्हणाल्या. "मग खाटेवर सगळं पसरलेलं का असतं गं? कधीच आवरलेलं दिसत नाही."

मैनाने गाठीवर हात ठेवला.

"सांग. मी रागावणार नाही."

"रागवा की. मला काय." मग हळूच, "आवरायचं नव्हतं मला."

"का?"

...

मैना बुवांकडे बोलली, बाईंकडे नाही. "आमच्यात आवरलं की निघायचं असतं. आई भांडी घासून पालथी न घालता पोत्यात भरायला लागली की कळतं, आज इथला तळ उठला. मग घोड्यावर लादायचं आणि मेंढ्यांमागे चालायचं. सामान पसरलेलं असलं तर त्या दिवशी मुक्काम. मी लहान होते तेव्हा आईने बांधलेलं सोडून ठेवायचे. चांगली जागा असली, पाणी असलं की. मार खायचे."

"आणि इथे?" बुवांनी विचारलं.

"इथे पाणी आहे," मैना म्हणाली. "शाळा आहे."

एवढंच म्हणाली.

बाईंच्या डोक्यात शब्द येत होते, सवयच ती. येत होते आणि उंबऱ्यावरूनच परत जात होते. एकही आत बसला नाही.

"बुवा," त्यांनी विचारलं, "याला इंग्रजीत काय म्हणतात?"

बुवांनी चिकटवलेला शब्दकोश उचलला. खळ अजून ओली होती. तो त्यांनी बाईंपुढे धरला.

"शोध," ते म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला नाही. बुवांनी शब्दकोश पुन्हा खाली ठेवला, वाळायला, आणि कोपऱ्यातल्या घंगाळात हात धुतले. सावकाश. एकेक बोट. मग धोतराच्या सोग्याला पुसून ते रजिस्टरजवळ आले आणि पेनसाठी हात पसरला.

मैना बोचकं उचलून उभी राहिली. तिला वाटलं, झालं.

बाईंनी पेन दिलं नाही. टोपण काढलं, पान मांडीवर घेतलं आणि तेविसाव्या रकान्यातल्या शब्दावर आडवी रेघ मारली. शेजारी स्वतःची छोटी सही केली. मग वर गेल्या. एकोणीस. सोळा. तेरा. अकरा. नऊ. सात. सात रेघा, सात सह्या. खाट क्रमांक चारवरचा शब्द त्यांनी राहू दिला. तो खरा होता. आणि मग तोच शब्द त्यांनी खाली पुन्हा लिहिला. पुन्हा लिहिला. पुन्हा लिहिला. शाळेत लाल गोल पडल्यापासून पहिल्यांदाच. सहा वेळा लिहून झाला.

तेविसाव्या रकान्याशी पेन थांबलं.

"ये इकडे," बुवा मैनाला म्हणाले. "ठेव ते खाली."

मैनाने बोचकं त्यांच्यासमोर ठेवलं.

"सुनेत्रा, गाठ सोड."

"मी?"

"जीपमध्ये बसवताना बांधायला तूच सांगितलं होतंस ना?"

बाईंनी गाठ सोडली. पटकन सुटेना. मग सुटली. लुगड्याचा तुकडा चारी बाजूंनी उलगडला आणि बुवांच्या भरलेल्या खोलीत आणखी पसारा झाला. दोन फ्रॉक. शाळेचा गणवेश. एक तडा गेलेला आरसा. लोकरीचा गुंडा, सूत कातायच्या लाकडी चातीला गुंडाळलेला. मराठी, भूगोल, इंग्रजी. इंग्रजीच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर मैनाचं नाव तीनदा.

मैना बघत राहिली. हळूच तिने आरसा उचलला आणि बुवांच्या पुस्तकांच्या पोत्यावर ठेवला. मग चाती खिडकीत, चष्म्यांशेजारी. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंच्या डोळ्यांपुढे बैठकीची खोली आली. लांब टेबल. अध्यक्षांचा जाडजूड शब्दकोश, शिसपेन्सिल, ते एकेचाळीस नावांचं पान. पहिल्याच वर्षी अधीक्षिकेने स्वतःच्या शेऱ्यांवर सात रेघा मारून रजिस्टर पुढे ठेवायचं. एकच शब्द सात वेळा. आणि आठव्या जागी कोरं. अध्यक्ष चष्मा काढून विचारणार, बाई, हा काय प्रकार आहे?

"बुवा," त्या म्हणाल्या, "अध्यक्षांना काय सांगू? पाच वाजता मला उभं राहून काहीतरी नीट सांगावं लागेल. तेविसाव्या खाटेचं काय सांगू मी त्यांना?"

बोलता बोलता त्यांच्या हातांनी एक फ्रॉक उचलला होता. बाहीवर बाही आली, घेर मधोमध दुमडला गेला. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता.

बुवांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. ओला होता, गार.

"घडी घालू नकोस, सुनेत्रा."

बैठक पाचला झाली. सव्वासातपर्यंत चालली. आतलं बोलणं बाईंनी मला शब्दन् शब्द सांगितलंय, आणि ते रजिस्टर मी परवा ऑफिसात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेविसाव्या रकान्यात बाईंच्या अक्षरात फक्त...

थांबा, मैना हाक मारतेय. तिची कंपासपेटी माझ्या खाटेवर सापडली म्हणते, आणि आता माझी भूगोलाची वही तिच्या पसाऱ्यात शोधावी लागणार.